ताईंच्या तिकिटांवर माझं नाव

सकाळी साडेनऊला सगळ्यांना मेल आला. पोर्तुगालमधलं आपलं ऑफिस मोठं होतंय, तिथे बारा माणसं आहेत ती वर्षभरात साठ होतील, मुंबईतल्या सहकाऱ्यांसाठीही ही उत्तम संधी आहे, असं काहीसं लिहिलं होतं. अकरा वाजता पँट्रीत केक कापला. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंनी आपला तुकडा कागदी बशीत तसाच ठेवला आणि मला हळूच विचारलं, “साठ तिकडे, तर इकडे किती गं?”

मला त्या प्रश्नाचा अर्थ लगेच लागला नाही. मला तोवर नुसता आनंदच झाला होता. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई घरी ब्लाउज शिवते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ज्या कंपनीने मला नोकरी दिली ती मोठी होतेय, म्हणजे आपलंही सगळं ठीक होणार, इतकाच माझा हिशेब होता.

आमचं ऑफिस साकीनाक्याच्या पुढे, गाळ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर होतं. अजूनही आहे. खाली लेथ मशिनी चालतात आणि वर आम्ही युरोपातल्या पार्सल कंपन्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पार्सल कुठून निघालं, कुठे पोचलं, सही कोणी केली, हे त्यात दिसतं. काही चुकलं की तिकडून तक्रार येते. तिला आम्ही तिकीट म्हणतो. ज्याने ती सोडवली त्याने स्वतःच्या लॉगिनमधून ते तिकीट बंद करायचं. मग त्यावर कायमचं त्याचं नाव.

ताई मरोळच्या गावठाणातल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. कंपनीत एकोणीस वर्षं झालेली. इंजिनिअरिंगची पदवी नाही, फक्त डिप्लोमा. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण आम्ही मराठी मुली त्यांना ताई म्हणायचो. मी पहिल्या दिवशी त्यांना “तुम्ही बसा ना” म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “तुम्ही काय गं? मी काय सरपंच आहे?” माझ्या तोंडून तरीही ‘तू’ कधी निघालं नाही. पोर्तुगालचं ऑफिस सुरू झालं तेव्हा तिथल्या एका माणसाने त्यांचं पोर्तुगीज वळणाचं आडनाव बघून त्यांना सरळ पोर्तुगीजमध्ये मेल लिहिला होता. ताईंनी तो सगळ्यांना दाखवला. “बघा, माहेरहून पत्र आलंय. एक अक्षर कळत नाही.”

आमच्याकडे नवीन माणसाला सहा महिने प्रोबेशन असतं. त्या सहा महिन्यांत ठरावीक अवघड तिकिटं त्याच्या नावावर बंद झाली तरच तो पक्का होतो. नवीन माणसाला अवघड तिकिटं सुटत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण नियम नियम असतो. ताईंनी यावर आपली एक पद्धत काढली होती. अवघड तिकीट त्या स्वतः सोडवायच्या. मग खुर्ची मागे सरकवून नव्या पोरीला बोलवायच्या आणि काय झालं होतं, कसं शोधलं, हे समजावून सांगायच्या. नंतर तिच्या हातात पेन द्यायच्या. “आता तू मला सांग. मराठीत सांग, इंग्लिशमध्ये फेकू नकोस.” तिने सगळं नीट उलट सांगितलं की म्हणायच्या, “हां. क्लोज तू कर.” मग त्या पोरीच्या लॉगिनमधून ते तिकीट बंद व्हायचं.

मी अशीच पक्की झाले. माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. ताईंनी सांगितलेलं प्रत्येक तिकीट मी त्यात तारखेसकट लिहून ठेवलं होतं. नंतर मला स्वतःलाही तिकिटं सुटायला लागली, पण सवय सुटली नाही. वर्षाअखेर जवळ आली की ताई विचारायच्या, “तुझी किती झाली? कमी आहेत? हे घे.” आणि मी घ्यायचे. त्यांना यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही, मलाही नाही. आमच्याकडे शाळेत एकीने दुसरीची वही पूर्ण करून देणं हा स्नेह होता. जुन्या मॅनेजरना हे सगळं माहीत होतं. ते गेले, नवीन आले, त्यांना कोणी सांगितलं नाही.

केकनंतर चार दिवसांनी नव्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे मुलुंडचे, बोलायला मोकळे.

“बस, बस. तू पहिली आहेस.”

“कशात, सर?”

“यादीत गं.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या टीममध्ये आम्ही अकराजण होतो. तीन वर्षांत कोणी किती अवघड तिकिटं बंद केली ते वरपासून खालपर्यंत लावलेलं होतं. सगळ्यात वर माझं नाव. “वरचे चार पोर्तुगालला. तिकडे नवीन भरती होणार, त्यांना शिकवायचं, तिथेच राहायचं. गुरुवारी तिकडचे लोक तुझ्याशी बोलतील. नुसती औपचारिकता आहे.”

खालच्या तीन ओळी पिवळ्या केल्या होत्या.

“आणि हे, सर?”

“त्यांना मोकळं करणार. बाहेर बोलू नकोस अजून.”

शेवटची पिवळी ओळ ताईंची होती.

“सर, ताई इतक्या खाली कशा?”

“तीन वर्षांत सात अवघड तिकिटं. सात! मी तरी काय करू? दमल्या असतील आता.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण मी “हो सर” म्हणाले आणि बाहेर आले. भीती वाटली हे एक कारण. दुसरं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला ती जागा हवी होती.

त्या संध्याकाळी जोगेश्वरीच्या माझ्या पीजीच्या जिन्यात उभं राहून मी बाबांना फोन केला. विचार न करता सगळं सांगून टाकलं. ताईंबद्दल मात्र नाही. दुसऱ्या दिवशी बाबांचाच फोन आला. “डेपो मॅनेजर साहेबांनी स्वतः हात मिळवला माझ्याशी. म्हणाले, आपल्या डेपोतली पोरगी युरोपला चालली.” मागून आई विचारत होती, “तिकडं थंडी असते का गं? स्वेटर विणायला घेऊ का?” मी म्हणाले, घे.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या डब्यात फुगे होते, त्यांच्या घरचे तळलेले गोल पाव. त्या ते नेहमीसारखे सगळ्यांना वाटत होत्या. आमच्या समोर टीममधली सगळ्यात नवी मुलगी बसली होती. गोवंडीची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. तिच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान. तिचं प्रोबेशन महिनाअखेर संपणार होतं आणि ती दिवस मोजत होती. मी ताईंना म्हणाले, जरा जिन्यात येता का?

“ताई, पोर्तुगालसाठी यादी केलीय. त्यात तुमचं नाव सगळ्यात खाली आहे. खालच्यांना काढणार आहेत.”

“माहितीये.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? एचआरची पोरगी दोन दिवस माझ्याकडे बघून हसत नाही. एवढं पुरतं.”

“मी उद्या त्यांना सांगते. माझी निम्मी तिकिटं तुमची आहेत म्हणून.”

ताईंनी जिन्याचं दार ओढून घेतलं. “येडी आहेस का? गप्प बसायचं. तू बोललीस की ते सगळ्यांची तिकिटं उकरून काढणार. आत बसलेल्या त्या पोरीची नऊ माझी आहेत. तिचे वीस दिवस राहिलेत. तिची वाट लागेल ना!”

“आणि तुमचं काय?”

“माझं मी बघीन.”

“कुठे बघाल, ताई?” माझा आवाज चढला. “सत्तेचाळीस वर्षं वय आहे तुमचं. पदवी नाही. दुसरीकडे कोण घेणार आहे तुम्हाला?”

हे मी त्यांना म्हणाले. त्यांनीच मला उभं केलं आणि मी हे म्हणाले. ताईंनी दाराला हात घातला. मग म्हणाल्या, “तोंड बरंच सुटलंय तुझं. पहिल्या दिवशी पाणी कुठे मिळतं विचारायला पण घाबरत होतीस.” आणि दार उघडून आत गेल्या.

मी परत टेबलाशी आले तेव्हा ती गोवंडीची मुलगी डबा पुसत होती. तिला बाजूला घेऊन सांगावं असं माझ्या मनात आलं. उद्या मी जे बोलेन त्याने तिचंही नुकसान होऊ शकत होतं, तिला विचारायला हवं होतं. पण बोलायचं की नाही हे माझंच ठरत नव्हतं. आणि तिने नको म्हटलं असतं तर? मी तिला काही विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता मी मीटिंग रूममध्ये बसले. शेजारी मॅनेजर. स्क्रीनवर पोर्तुगालच्या ऑफिसमधली दोन माणसं होती, एक पुरुष आणि पन्नाशीच्या एक बाई. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. आधी त्यांनी घरचं विचारलं, शिक्षण विचारलं. मग त्या बाईंनी एक कागद उचलला.

“हे एक तिकीट मला फार आवडलं,” त्या म्हणाल्या. “घड्याळाचं. आमच्याकडे अजून त्याबद्दल बोलतात. सांगाल का?”

तिकीट माझ्या नावावर होतं. काही पार्सलं निघण्याआधीच पोचलेली दिसत होती. सगळी टीम चार दिवस स्कॅनर तपासत होती. मी सुरुवातीपासून सांगितलं. ही सगळी पार्सलं एकाच पहाटेची होती, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारची. त्या पहाटे युरोपात घड्याळं तासभर मागे करतात. दोन वाजून पन्नास मिनिटांनी पार्सल निघालं, वीस मिनिटांत पुढच्या ठिकाणी पोचलं, पण तोवर घड्याळ मागे गेलं होतं, म्हणून तिथे नोंद झाली दोन वाजून दहा मिनिटांची. मी कागदावर काढून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. ताईंनी हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

मॅनेजर समाधानाने खुर्चीत मागे टेकले. बाई हसल्या. “सुंदर. मला फक्त एक सांगा. मुंबईत घड्याळं कधी मागे जात नाहीत. मग तुम्हाला हे सुचलं कसं?”

ते ताईंना सुचलं होतं. त्यांची बहीण लंडनला असते. दर रविवारी ताई चर्चमधल्या मिस्साहून घरी आल्या की तिचा ठरलेल्या वेळी फोन येतो. त्या रविवारी फोन तासभर उशिरा आला आणि बहीण म्हणाली, उशीर कुठे, मी माझ्या वेळेवरच केलाय. तक्रारी आल्यावर चौथ्या दिवशी ताईंना तो फोन आठवला आणि त्यांनी पार्सलांच्या तारखा बघितल्या होत्या.

माझं लंडनला कोणी नव्हतं. लंडनला माझी मावशी असते असं म्हटलं असतं तर कोणी तपासणार नव्हतं. मी तोंड उघडलं तेव्हा ‘माझी’ हा शब्द बाहेरही पडला होता. मी समोरचं पाणी प्यायले. त्या बाई वाट बघत होत्या.

“मला सुचलं नाही,” मी म्हणाले. “माझ्या शेजारी बसतात त्यांना सुचलं. हे तिकीट त्यांनी सोडवलं. मी फक्त बंद केलं.”

मॅनेजरनी झटकन आवाज बंद केला. “काय बोलतेयस तू?”

“खरं आहे ते, सर.”

“अगं, पण आत्ता?”

स्क्रीनवरच्या बाईंनी हाताने खूण केली, आवाज सुरू करा. मॅनेजरनी केला. “अशी किती आहेत?” बाईंनी विचारलं.

“माझी निम्मी तरी. माझ्याकडे वही आहे. तारखा आहेत.”

बाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मला वाटलं, त्या आता चांगलं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडच्या नोंदी तीन वर्षं खोट्या आहेत.” मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी आभार मानले आणि स्क्रीन काळी झाली.

मॅनेजरनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “स्वतःचं घालवलंस ते घालवलंस, सगळ्या टीमला घेऊन बुडालीस.”

पुढचे दहा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. एचआरने माझी वही नेली आणि पानापानाचे फोटो काढले. टीममधल्या प्रत्येकाला आपापल्या तिकिटांची यादी दिली आणि कुठलं स्वतः सोडवलं, कुठलं नाही, ते सहीनिशी लिहून द्यायला सांगितलं. कोणी खरं लिहिलं, कोणी सगळ्या तिकिटांपुढे ‘स्वतः’ लिहिलं. पँट्रीत मी गेले की बोलणं थांबायचं. एकजण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “सांभाळून रे, उद्या चहा कोणी केला तेही लिहून द्यावं लागेल.” सगळे हसले.

ताई माझ्या शेजारीच बसत होत्या. दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर, पण कामाचं काही असलं तर त्या मला चॅटवर लिहून पाठवायच्या. पाचव्या दिवशी मी न राहवून म्हणाले, “ताई, एकदा ओरडा तरी.” त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “मला विचारलं होतंस? मी नको म्हटलं होतं ना? मग झालं तर.” त्याच दिवशी त्यांना एचआरने दोन तास आत बसवून ठेवलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला तेव्हा वाटलं, आता यांचीही नोकरी गेली, आणि माझ्यामुळे जरा लवकर गेली.

अकराव्या दिवशी, सोमवारी, मॅनेजरनी एकेकाला आत बोलावलं. पिवळ्या ओळींतल्या दोघांना मोकळं केलं. ताईंना ठेवलं. पोर्तुगालमध्ये जी नवी माणसं भरली जातील त्यांना इथे बसून, स्क्रीनवरून शिकवायचं काम त्यांना दिलं. ते त्या बाईंनी मागून घेतलं होतं म्हणे. मला पोर्तुगालच्या यादीतून काढलं आणि खोट्या नोंदींबद्दल लेखी समज दिली. पुढची बढती दोन वर्षं नाही. ते पत्र हातात घेताना, खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ताई राहिल्या होत्या.

ताई केबिनमधून आल्या आणि माझ्या खुर्चीमागे थांबल्या. “राहिले,” एवढंच म्हणाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या समोर बघत होत्या. गोवंडीची मुलगी आत गेली होती.

तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. तिच्या यादीत तिने नऊ तिकिटांपुढे खरं लिहून दिलं होतं, त्यामुळे ती कमी पडली. सगळ्यांपुढे ‘स्वतः’ लिहिणाऱ्या दोघांना काही झालं नाही.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. या वेळी ताईंबद्दलही सांगितलं, पहिल्यापासून. बाबांनी विचारलं, “त्या बाईंची नोकरी राहिली का?” मी हो म्हणाले. “मग डेपोत काय सांगायचं ते मी बघतो,” बाबा म्हणाले. “आईला स्वेटर उसवायला नको सांगू. तुला मुंबईत नाही लागला तर इकडे लागेल.” फोन ठेवून मी रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं.

वाईट ते दुसऱ्या दिवशी होतं. मी मुद्दाम लवकर आले होते. ती मुलगी आधीच येऊन बसली होती आणि आपल्या ड्रॉवरमधलं सामान एका पिशवीत भरत होती. खिडकीच्या रांगेत जागा मागितली होती तिने, आमच्यापासून लांब.

“तुला आधी विचारायला हवं होतं मी,” मी म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्या तारखेला पप्पा शेजाऱ्यांना जेवायला बोलावणार होते.”

“ताईंना काढलं असतं गं.”

“माहितीये. म्हणून तर मी खरं लिहिलं.” तिने पिशवीची गाठ मारली. “एक सांग. तू पक्की कितव्या महिन्यात झालीस?”

“सहाव्या.”

“त्यात ताईची किती होती?”

मला आकडा पाठ होता. एचआरला वही देण्याआधी मी बसून मोजलं होतं. “अकरा,” मी म्हणाले.

“माझी नऊच होती,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून खिडकीकडे गेली.